टोकावरची रेघ

माझी आत्या टेबल पुसायची तरी आठ काढायची. इंग्रजी आठ, एकात एक अडकलेले दोन वेढे. फडकं एका कोपऱ्यातून निघायचं, मधे स्वतःचीच वाट ओलांडायचं आणि फिरून पहिल्या जागी यायचं. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते चिडवायचे, "ताई, बास कर, टेबलाचा आरसा करतेस का?" ती हसायची, पण हात थांबत नसे. सत्तावीस वर्षं त्या बोटांनी दुसरं काही केलंच नव्हतं, त्यांचा तरी काय दोष!

आमच्या कारखान्यात काचेचे धागे बनतात. कारखाना म्हटल्यावर भोंगा आणि धूर डोळ्यांसमोर आणू नका. दोन मजली इमारत आहे, डोक्याला टोप्या, पायात मऊ सपाता, आणि शिंक आली तर बाहेर पळायचं. आत्या लागली तेव्हा तिथे टेलिफोनचे धागे होत. मग उंदरांचे सुरू झाले, आणि अलीकडे माणसांचे. हा धागा केसाच्या जाडीचा असतो आणि तो मेंदूत जातो. त्याआधी डॉक्टर मेंदूतल्या ठरावीक पेशींना उजेड कळेल अशी सोय करून ठेवतात. कशी, ते मला खोलात विचारू नका. निरुपद्रवी केलेला एक विषाणू तो निरोप पेशींपर्यंत पोचवतो, एवढंच मला ठाऊक. धाग्याच्या टोकातून उजेड पडला की त्या पेशी गप्प होतात किंवा जाग्या होतात, जशी सोय केली असेल तशा. धाग्यावर चिकटवलेल्या सोन्याच्या पट्ट्या त्यांची कुजबुज टिपून घेतात. कानामागे कातडीखाली बटणाएवढी पेटी असते, ती ही कुजबुज ऐकते आणि उजेड कधी पाडायचा ते ठरवते.

आत्याचं काम सगळ्यात शेवटचं. धाग्याचं टोक घासून गुळगुळीत करायचं आणि मायक्रोस्कोपखाली तपासायचं. चार कागद, खरखरीत ते रेशमासारखा. प्रत्येकावर तीस आठ. सरळ घासलं तर टोक एका बाजूला कलतं, गोल घासलं तर मधे खळगा पडतो, आठ काढला की सगळीकडून सारखं झिजतं. यंत्रं आहेत, पण माणसाच्या डोक्यात जाणारं टोक शेवटी हातावरच व्हायचं. तिच्या टेबलावर एक लाल डबा होता. शंका आली की टोक डब्यात. एक दिवस मी हिशेबी डोक्याने म्हटलं, "अगं, एवढीशी तर रेघ आहे, उजेड काय अडणार आहे का तिला?" तर म्हणाली, "अडत नाही, फाटतो. जिकडे जायचा नाही तिकडे जातो. मग तिकडे कोण झोपलंय, तुला माहीत आहे का?" पुढे हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

मी नऊ वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर आले. घरी आत्या, कामावरही आत्या. सगळेच तिला आत्या म्हणायचे आणि पाठीमागे 'भिंग' म्हणायचे. तिने लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती राहायची, आम्ही खाली. ती फार प्रेमळ वगैरे नव्हती. माझ्या नव्या कोऱ्या ओढणीतला सुटलेला धागा तिला जिन्यावरून दिसायचा आणि ती तो तिथूनच सांगायची, पाहुण्यांसमोर.

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. टोकावर रेघ दिसली की टोक बोटांनी हळूच फिरवायचं. रेघ टोकाबरोबर फिरली तर ती टोकाची, टाक डब्यात. नाही फिरली तर ती मायक्रोस्कोपच्या काचेची, पूस काच. काच पुसूनही रेघ जागची हलली नाही तर? इथे ती थांबायची. नवी मुलगी गोंधळलेली दिसली की म्हणायची, "तर मुकाट्याने उठायचं आणि डोळे तपासून यायचे."

डोळे दरवर्षी तपासले जातच. नर्सबाई भिंतीवर तक्ता टांगायच्या, त्याच्यावर तीन पायांची ती अक्षरं, पाय कुठल्या दिशेला आहेत ते सांगायचं. गेली दोन वर्षं त्या सुमारास आत्या चहा गाळताना काहीतरी पुटपुटायची. "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे, वर." मला वाटायचं, वय झालं, काहीतरी नामस्मरण चाललं असेल. मी तर एकदा हसून म्हटलंही, "काय गं, कुणाला वाट सांगतेस?" ती दचकली आणि चहा ओट्यावर सांडला. सांडलेला चहा तिने आठ काढत पुसला.

मग एक दिवस मास्तर कारखान्यात आले. मास्तर म्हणजे शिंपी, साठीचा माणूस, कोट शिवण्यात हात धरणारा कुणी नाही असं त्यांचं नाव. आमचा धागा डोक्यात असलेला माणूस आम्ही त्याआधी एकही पाहिला नव्हता. कुठला धागा कुणाला गेला हे कारखान्याला कळवत नाहीत, नुसता क्रमांक असतो. पण मोठ्या साहेबांना वाटलं, कामगारांना उमेद येईल. म्हणून मास्तरांच्या डोक्यात धागा बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई त्यांना घेऊन आल्या आणि दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळे जेवणाच्या खोलीत जमलो.

मास्तर उभे राहिले. गळ्यात दोरीला एक डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा. डोक्यातला उजेड लागला की हा दिवा लागतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मास्तरांना फिट यायच्या. आठवड्याला दहा-बारा. गरम इस्त्री हातात असताना, कात्री हातात असताना. बायको असेतो ती सांभाळायची. ती गेली आणि दुकान बंद करायची पाळी आली. आता फिट यायला लागली की पेटी ओळखते, उजेड पाडते, आणि ती आतल्या आत विरते. महिन्यात एखादी निसटते, बाकी नाही.

"आणि एक सांगतो," मास्तर म्हणाले, "हे काही डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं. ही वरकड मिळाली." ते लाजल्यासारखे हसले. "दिवा लागला की ती येते. आमची. इथे डाव्या बाजूला, जरा मागे उभी राहते. उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं, म्हणून ती कायम डाव्या बाजूलाच बसायची. काजं करायची आणि मला सुई ओवून द्यायची. दिसत नाही हं. बोलत पण नाही. पण मागे माणूस उभं असलं की आपल्याला कळतं ना, तसं कळतं. श्वास घ्यायची तिची एक रीत होती, तीसुद्धा."

कुणीतरी हळहळलं, कुणी टाळी वाजवली. तेवढ्यात डबीवरचा दिवा लागला. मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा असा सैल झाला, जसा दाराची कडी वाजल्यावर घरातल्या माणसाचा होतो. डावा हात तळवा वर करून जरा मागे गेला, सुई घ्यायला जातो तसा. खोलीतली सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती. त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे, दीड-दोन हात मोकळी फरशी होती आणि तिच्यावर कुणीही पाय ठेवला नव्हता.

दिवा विझला. मास्तर म्हणाले, "गेली," आणि चहाचा कप उचलला.

आत्याने डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "यांचा क्रमांक काय?" क्रमांक सांगायचा नसतो. पण बाई आनंदात होत्या, सांगून गेल्या. एकेचाळीस.

त्या दिवसापासून आत्याचं बिनसलं. जेवताना ती मधेच मागे वळून बघायची. खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागली. कामावर एकेका टोकाला दुप्पट वेळ, लाल डबा आठवड्यात भरला. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती हातात ओली चादर धरून नुसती वर बघत उभी होती. "काय बघतेस?" तर म्हणाली, "रेघ." आभाळ स्वच्छ होतं. "भिंतीवर पण असते. चहात पण असते. पाठ सोडत नाही गं." खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तेवढं कळलं की हिने काहीतरी खाल्लंय. मी चादर तिच्या हातातून घेतली, तिला पायरीवर बसवलं आणि सगळं ओकायला लावलं.

एकेचाळीस नंबरच्या टोकावर तिला रेघ दिसली होती. बारीक, तिरकी. तिने फिरवायला बोटं लावली आणि तिथेच थांबली. कारण त्या आठवड्यात तिला दुसऱ्या दोन टोकांवर तशीच रेघ दिसली होती, तशीच तिरकी, त्याच जागी. त्याच्याही आधी वर्षभरापासून दिव्यांभोवती कडी दिसत होती, तक्ता ती पाठ करून म्हणत होती. टोक फिरवलं आणि रेघ फिरली नाही तर मुकाट्याने उठायचं, हा तिचाच नियम. उठल्यावर जायचं कुठे? वरच्या खोलीत जाऊन टेबल पुसायचं? म्हणून तिने फिरवलंच नाही. डब्यात टाकावं तर आधीच दोन टाकली होती, तिसरं टाकलं तर साहेब विचारणार. तिने मान्यतेचा शिक्का मारला आणि टोक पुढे पाठवायच्या डबीत ठेवलं.

"आणि ते त्या माणसाच्या डोक्यात गेलं," ती म्हणाली. "उजेड फाटतोय तिथे. माझ्या रेघेवरून फाटतोय आणि भलत्याच पेशींवर पडतोय. त्याला वाटतंय बायको येते. बायको कुठली? ती माझी चूक उभी राहते त्याच्यामागे."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगते, कारण ते लपवायचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "गप्प बस. त्याच्या फिट थांबल्यात. त्याला बायको मिळालीय. तुझ्या चुकीने कुणाचं भलं झालं असेल तर ती चूक पोटात घाल आणि पुढच्या महिन्यात डोळे दाखवून ये." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी ती डब्यात टाकायच्या टोकाकडे बघते.

रविवारी ती मास्तरांच्या दुकानात गेली. मी बरोबर गेले, तिला एकटीला सोडायची माझी छाती नव्हती. दुकान छोटं, पण नीटनेटकं. दाराकडे तोंड करून शिलाई यंत्र, उजव्या हाताला इस्त्रीची फळी, मागे दांडीवर अर्धे शिवलेले कोट. यंत्राच्या डाव्या बाजूला एक बुटकं स्टूल होतं आणि त्याच्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं, एवढ्या अडचणीच्या जागेत.

आत्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. रेघ, शिक्का, पाठ केलेला तक्ता. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, दातांनी धागा तोडला.

"ताई, रेघ असेल तर असू दे," ते म्हणाले. "मी काही तक्रार केली नाही."

"मास्तर, ती तुमची बायको नाही. तो उजेड चुकीच्या जागी पडतोय."

"असेल. पण तुमची चूक इतकी हुबेहूब कशी हो? तुम्ही तर तिला कधी बघितलंही नव्हतंत."

मास्तरांनी हात जोडले. "कुणाला सांगू नका. मी चाळीस वर्षं उसवलेलं शिवतोय. हे तेवढं उसवू नका."

आत्याने मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते मला तेव्हाही कळलं नाही. परतीच्या वाटेवर ती चार ठिकाणी थांबली आणि चारही वेळा मागे बघितलं.

तीन आठवडे ती गप्प राहिली. मला वाटलं, सुटलो. मग मास्तरांना एक फिट निसटली. महिन्यात एखादी निसटायचीच, त्यांनीच सांगितलं होतं. पण ही नेमकी इस्त्री करताना आली आणि उजवा तळवा इस्त्रीखाली सापडला. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून साहेबांना कळलं, साहेबांकडून आम्हाला. आत्याने हातातलं टोक खाली ठेवलं. एकोणीस आठ झाले होते, अकरा राहिले होते. तिने कधीही आठ अर्धवट सोडले नव्हते. ती उठली, टोपी काढली आणि साहेबांच्या खोलीत गेली. मी काचेतून बघत होते. साहेब आधी बसलेले होते, मग उभे राहिले, मग पुन्हा बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. रेघ असलेली काच म्हणजे उद्या तडकणारी काच. ती मेंदूत कशी ठेवणार? डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना समजावलं, मास्तरांनी नाही म्हटलं. पुन्हा समजावलं, आत तुटली तर काय होईल ते चित्र काढून दाखवलं. शेवटी ते आमच्या घरी आले. भाजलेल्या हाताला पट्टी, डाव्या हातात सहीचा कागद. माझ्या वडिलांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"ताई, नक्की रेघ होती? तुमच्या डोळ्यांनी बघितलीत?"

"माझ्या डोळ्यांनी बघितली, मास्तर," आत्या म्हणाली.

मास्तरांनी तिथेच आमच्या टेबलावर सही केली. "तुम्ही म्हणता म्हणून," ते म्हणाले. मी तिथेच उभी होते. टोक फिरवलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ते मी तेव्हा मोठ्याने बोलले नाही. गप्प बसायला मीच तिला सांगितलं होतं ना, मग मीच गप्प बसले.

नवा धागा माझ्या हातचा होता. त्रेपन्न. टोक मी सात वेळा फिरवून पाहिलं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दोन महिने झाले तरी मास्तरांना एकही फिट आली नाही. दिवा लागायचा, उजेड पडायचा, फिट विरायची आणि खोलीत कुणीही यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बरं वाटतंय ना? मास्तर म्हणाले, "हो. एकदम मोकळं."

काढलेला एकेचाळीस नंबर एका छोट्या कुपीत घालून कारखान्यात परत आला. आत्याला तोवर टेबलावरून उठवलं होतं. साहेबांनी तिला रागावून नाही, हळू आवाजात घरी पाठवलं, आणि तेच तिला जास्त लागलं. तपासणीचं काम माझ्याकडे आलं. मी टोक स्वच्छ केलं, मायक्रोस्कोपखाली धरलं. मला रेघ दिसली नाही. फिरवलं. पाव वेढा, अर्धा वेढा, पूर्ण. उजेड बदलला, काच पुसली, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर नेलं. टोक असं होतं की मला माझ्या स्वतःच्या हातकामाची लाज वाटली. मी इतकं नितळ टोक त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मी तपासणीचा कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या दोन्ही धाग्यांनी टिपलेली कुजबुज पडद्यावर लावून बसल्या होत्या. त्या कुजबुजीचा आवाजही ऐकू येतो, पत्र्यावर वाळू पडल्यासारखा. जुन्या धाग्यात, दिवा लागला की कोपऱ्यातला पेशींचा एक लहानसा पुंजका तडतडायचा. नव्यात तो पुंजका ऐकूच येत नव्हता.

"रेघेचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "जुना धागा योगायोगाने त्या पुंजक्याला लागून बसला होता. नवा केसभर बाजूला बसलाय."

"मग परत केसभर सरकवा."

"तिथे आता व्रण आहे. काढलेल्या धाग्याची वाट बुजते, आणि बुजल्यावर तिथे उजेड पाडून ऐकणारं कुणी उरत नाही." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "रेघ नव्हती हे आधी कळलं असतं तर मी हातसुद्धा लावला नसता."

मी घरी चालत गेले. वाटेत शंभर वाक्यं जुळवली. आत्या टेबलाशी बसली होती, समोर फडकं. माझा चेहरा बघून तिने शंभरातलं एकही वाक्य मला वापरू दिलं नाही.

"फिरवलंस?" तिने विचारलं.

"फिरवलं."

"मग?"

"काही नाही त्याच्यावर."

तिने समोरचं फडकं बाजूला सारलं. मग उजवा डोळा हाताने झाकून तिने भिंतीकडे बघितलं. मग डावा झाकून बघितलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण आमच्या घरात वडिलांच्या तोंडी उठता-बसता असायची. त्या दिवसापासून त्यांनीही ती टाकून दिली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा, त्यांतली एक बरोबर मधोमध, तिरकी. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. आठव्या दिवशी तिला जिन्यावरून माझ्या ओढणीतला धागा पुन्हा दिसायला लागला. ती तो सांगत मात्र नाही. नुसती बघते आणि जिना उतरते.

मास्तरांना जाऊन तिने खरं काय ते सांगितलं. या वेळी मला बरोबर येऊ दिलं नाही. ते रागावले का, ओरडले का, रडले का, हे मी तिला तीनदा विचारलं. "कोट शिवत होते," एवढंच ती म्हणाली. "मग म्हणाले, डोळे बरे झाले असतील तर सुया ओवून द्या. आता मला दिसत नाहीत."

तेव्हापासून ती रोज दुपारी दुकानात जाते. तिच्यासाठी मास्तरांनी दुसरं स्टूल आणलं आणि ते उजव्या बाजूला, इस्त्रीच्या फळीजवळ ठेवलं. त्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं असं होत नाही. ती वीस सुया ओवते, ओळीने उशीत टोचते, संपल्या की पुन्हा ओवते. कधीकधी तिचे ओठ हलताना मी पाहिलेत. ती काय म्हणत असते ते मला ठाऊक आहे, आणि त्या बाजूने बोललेलं त्यांना पोचत नाही हे तिला ठाऊक आहे.

परवा पावणेपाचला मी तिला आणायला गेले. दोघं कामात होती. मास्तरांच्या गळ्यातल्या डबीवरचा दिवा लागला. त्यांनी यंत्र थांबवलं. डावा हात तळवा वर करून जरा मागे गेला आणि तिथेच थांबला, रिकाम्या स्टुलावर. मी दारात उभी राहून मनात मोजत होते, अकरापर्यंत मोजलं. मग दिवा विझला, हात परत आला, आणि मास्तरांनी उजव्या बाजूच्या उशीतली सुई उपसून घेतली.

रस्त्याला लागल्यावर मला राहवलं नाही. "अगं, हात पुढे करतात तेव्हा त्या हातावर एक सुई ठेवायला तुझं काय जातं? तेवढंच त्यांना बरं वाटेल."

आत्या थोडी पुढे चालत गेली. तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"एकदा ठेवली होती," ती म्हणाली. "ते हसत वळले, आणि तिथे मी होते."